टपालाच्या तिकिटाएवढा अल्बम

२०१८ च्या मार्च महिन्यात तैवानमधल्या सुआओच्या किनाऱ्यावर शाळेची मुलं कचरा वेचत होती. एका मुलाला ओबडधोबड दगड सापडला. दगड कसला, शिंपले आणि शेवाळ चिकटून चिकटून दगडासारखी झालेली ती एक पेटी होती. शिक्षकांनी आणि मुलांनी मिळून ती उघडली, तर आत कॅननचा छोटा डिजिटल कॅमेरा! पाण्याचा थेंबही आत शिरला नव्हता. बटण दाबलं आणि मागचा पडदा उजळला. बॅटरीत अजून जीव होता. कार्डावरचे शेवटचे फोटो २०१५ च्या सप्टेंबरमधले, जपानच्या इशिगाकी बेटावरचे होते. शिक्षकांनी त्यातले काही फोटो समाजमाध्यमावर टाकले, लोकांनी ते पुढे पाठवले आणि बघता बघता मालकीण सापडली. टोकियोत शिकणारी ही मुलगी इशिगाकीला समुद्रात डायव्हिंगला गेली असताना कॅमेरा हातचा गेला होता. अडीच वर्षं तो समुद्रात होता आणि सुमारे अडीचशे किलोमीटर वाहत आला होता.

कॅमेरा वाचला तो जलरोधक पेटीमुळे. फोटो वाचले ते टपालाच्या तिकिटाएवढ्या कार्डामुळे, आणि अडीच वर्षं त्या कार्डाला कोणाचा हात लागला नाही म्हणूनही. हे दुसरं कारण नीट लक्षात घ्यायला हवं. मेमरी कार्डात फिरणारा एकही भाग नसतो. ते हातातून पडलं तरी सहसा बिघडत नाही, खिशात धुतलं गेलं तरी नीट वाळवल्यावर अनेकदा चालतं. ते सोसत नाही फक्त आपली घाई. लिहिणं चालू असताना ओढून काढलेलं कार्ड, न वाचता दाबलेलं ‘होय’, कॉपी न करताच केलेलं फॉरमॅट. घरोघरी फोटो जातात ते बहुतेक अशा एखाद्या क्षणात.

हे आत्ताच सांगायचं कारण म्हणजे छोटे डिजिटल कॅमेरे पुन्हा कपाटाबाहेर येऊ लागले आहेत. जपानी कॅमेरा उत्पादकांची ‘सीपा’ ही संघटना दरवर्षी विक्रीसाठी बाहेर पडलेल्या कॅमेऱ्यांची मोजदाद करते. २०१० साली हा आकडा १२ कोटींच्या पुढे होता आणि त्यातले बहुतेक खिशात मावणारे छोटे कॅमेरे होते. मग मोबाइलने त्यांची जागा घेतली आणि २०२३ पर्यंत सगळ्या प्रकारच्या डिजिटल कॅमेऱ्यांचा मिळून आकडा ८० लाखांच्याही खाली आला. पण गेल्या काही वर्षांत कॉलेजातल्या मुलामुलींना या जुन्या कॅमेऱ्यांची गोडी लागली आहे. फ्लॅशचा तो करकरीत उजेड, किंचित भडक रंग, कोपऱ्यातली केशरी तारीख त्यांना हवीहवीशी वाटते. जुन्या बाजारात हे कॅमेरे शोधले जातात, आणि आईबाबांनी २००७ साली घेतलेला कॅमेरा माळ्यावरून खाली उतरतो. त्यासोबत एक कार्डही येतं. त्यावर काय आहे हे घरात कोणालाच आठवत नसतं.

फोटो काढायचा कसा यापेक्षा तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न डिजिटल कॅमेऱ्याला जन्मापासून चिकटलेला आहे. अमेरिकेत रॉचेस्टरला कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण अभियंत्याने १९७५ च्या डिसेंबरमध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याचं वजन साडेतीन किलोच्या वर होतं आणि चित्र होतं १०० बाय १०० ठिपक्यांचं, म्हणजे एकूण फक्त १०,००० ठिपके. फोटो टिपायला क्षणही लागत नव्हता, पण तो नोंदवून घ्यायला २३ सेकंद लागायची, कारण तो नोंदवला जायचा गाण्यांच्या असते तशा कॅसेटवर. पुढे १९९५ मध्ये कॅसिओने क्यूव्ही-१० हा कॅमेरा आणला. काढलेला फोटो मागच्या पडद्यावर लगेच दाखवणाऱ्या, लोकांच्या हाती आलेल्या पहिल्या कॅमेऱ्यांपैकी हा एक. त्यात कार्डच नव्हतं. आतल्या स्मृतीत ९६ फोटो मावायचे. ते भरले की कॉम्प्युटरला वायर जोडून कॅमेरा रिकामा करायचा, नाहीतर जुने फोटो पुसायचे.

कार्डाचा प्राण म्हणजे फ्लॅश मेमरी. ती जपानच्या तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधली. तिच्या नावाचा कॅमेऱ्याशी खरोखरच संबंध आहे. ही स्मृती एका झटक्यात पुसली जाते हे पाहून मासुओकांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि तेच नाव पडलं. या स्मृतीत अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात विजेचा अगदी थोडा भार कोंडून ठेवलेला असतो. भार आहे की नाही, असला तर किती, यावरून माहिती वाचली जाते. कॅमेरा बंद केला, बॅटरी काढली तरी हा भार जागेवरच राहतो. म्हणून तर समुद्रातल्या त्या कार्डावरचे फोटो टिकले.

सुरुवातीला प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी होती. कॉम्पॅक्टफ्लॅश, स्मार्टमीडिया, सोनीचं मेमरी स्टिक, ऑलिंपस आणि फुजीचं एक्सडी. एकाचं कार्ड दुसऱ्यात बसायचं नाही. १९९९ मध्ये सॅनडिस्क, पॅनासॉनिक आणि तोशिबा यांनी एकत्र येऊन एसडी कार्ड आणलं आणि पुढच्या दहा वर्षांत बाकीची बहुतेक कार्डं मागे पडली. ३२ मिलिमीटर लांब, २४ मिलिमीटर रुंद, २.१ मिलिमीटर जाड, एक कोपरा तिरका कापलेला. आज बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत हेच असतं. माळ्यावरचा कॅमेरा एक्सडी कार्डाचा निघाला तर मात्र ते कार्ड जपून वापरा. नवं मिळणं आता अवघड आहे.

एसडीतही पिढ्या आहेत आणि जुना कॅमेरा हाती आल्यावर पहिली फसगत इथेच होते. मूळ एसडी २ जीबीपर्यंतची. २००६ मध्ये एसडीएचसी आलं, ते ३२ जीबीपर्यंत जातं. २००९ च्या एसडीएक्ससीची मजल २ टीबीपर्यंत. तिन्ही दिसायला सारखी आणि तिन्ही त्याच खाचेत बसतात. पण २००५ सालच्या कॅमेऱ्याला ६४ जीबीचं कार्ड दिलं तर तो ‘कार्ड एरर’ म्हणून अडून बसतो, आणि माणसाला वाटतं कॅमेराच गेला. कॅमेरा ठणठणीत असतो, त्याला ती भाषा येत नसते इतकंच. दुकानात जाण्याआधी कॅमेऱ्यावर कार्डाच्या झाकणाजवळची खूण पाहावी. नुसतं ‘एसडी’ लिहिलं असेल तर २ जीबी किंवा त्याहून लहान कार्ड, ‘एसडीएचसी’ असेल तर ३२ जीबीपर्यंतचं. पाच मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला २ जीबीसुद्धा ढीगभर होते. आठ-नऊशे फोटो सहज मावतात.

मेगापिक्सेलचं निघालंच आहे तर थोडं थांबायला हवं. ४ बाय ६ इंचाचा, म्हणजे स्टुडिओवाले ज्याला पोस्टकार्ड साइज म्हणतात तो फोटो छापायला १८०० बाय १२०० ठिपके पुरतात. हे जेमतेम २ मेगापिक्सेल झाले. जुना कॅमेरा ५ मेगापिक्सेलचा आहे म्हणून त्याला कमी लेखायचं कारण नाही. छोट्या कॅमेऱ्याची खरी मर्यादा आहे त्याचा सेन्सर, म्हणजे लेन्समागे उजेड टिपणारी चिप. बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांतला सेन्सर साधारण ६ बाय साडेचार मिलिमीटरचा असतो. जुन्या रोलवरची एक चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची असायची, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे तीसपट मोठी. एवढ्याशा खिडकीतून भर दुपारी हवा तेवढा उजेड येतो, दिवेलागणीला मात्र तो पुरत नाही. मग कॅमेरा आयएसओ, म्हणजे उजेडाबद्दलची संवेदनशीलता, वाढवतो, आणि फोटोत तांदळाच्या कण्या सांडल्यासारखे दाणे दिसू लागतात.

रोलच्या जमान्यात ३६ फोटो आहेत म्हटल्यावर माणूस जपून बटण दाबायचा. डिजिटलमध्ये ते बंधन गेलं आणि त्याबरोबर एक चांगली सवयही गेली. छोट्या कॅमेऱ्याचं बटण दोन टप्प्यांचं असतं. अर्धं दाबलं की कॅमेरा अंतर आणि उजेड मोजतो, पडद्यावर हिरवी चौकट येते, बारीक ‘पिप्’ वाजतं. मग पूर्ण दाबलं की फोटो. पुष्कळजण एका दमात बटण ठोकतात. कॅमेरा अंतर मोजायला अर्धा-एक सेकंद घेतो, तोवर पोरगं मान फिरवतं, नवरी डोळे मिटते आणि वर हातही हलतो. कॅमेरा हलके फोटो काढतो अशी तक्रार येते ती बहुतेक वेळा या एका बटणामुळे. अर्धं दाबून धरा, हवा तो क्षण आला की उरलेलं दाबा. एवढं जमलं तरी जुना कॅमेरा नव्यासारखा वागू लागतो.

फ्लॅशचंही तसंच. छोट्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा उजेड साधारण तीन-चार मीटरच्या पलीकडे पोहोचत नाही. सार्वजनिक गणपतीच्या मंडपात शेवटच्या रांगेतून फ्लॅश मारला तर पुढच्या माणसांची डोकी पांढरीफटक दिसतात आणि मूर्ती अंधारातच राहते. फ्लॅश बंद करावा, कॅमेरा खांबाला टेकवावा, दोन सेकंदांचा टायमर लावावा. बटण दाबताना बसणारा हिसका तेवढ्यात विरतो आणि समयांच्या उजेडातली मूर्ती जशी डोळ्यांना दिसते तशी येते.

जेजुरीला भंडारा उधळताना किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीत गुलालाच्या ढगात फ्लॅश मारला की फोटोभर पांढुरके गोल ठिपके उमटतात. काहींना त्यात चमत्कार दिसतो, काहींना भूत. गोष्ट साधी आहे. छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश आणि लेन्स यांच्यात दोन-चार बोटांचंच अंतर असतं. लेन्सच्या अगदी समोर तरंगणारा धुळीचा कण फ्लॅशने लख्ख उजळतो आणि इतक्या जवळचा असल्यामुळे पसरट गोल होऊन उमटतो. पावसाचे थेंबही असेच येतात. दिवसाउजेडी फ्लॅश बंद ठेवला की ठिपके जातात. लेन्समध्ये मात्र तो भंडारा शिरू देऊ नये. पुढेमागे होणारी लेन्स हा या कॅमेऱ्याचा सगळ्यात नाजूक भाग आहे. तारकर्लीची किंवा कळंगुटची बारीक वाळू त्या नळीच्या फटीत गेली की लेन्स अर्ध्यावर अडकते, पडद्यावर ‘लेन्स एरर’ येतं आणि दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीच्या वर जातो. किनाऱ्यावर कॅमेरा वाळूवर ठेवू नये, पिशवीतही वाळू असते हे विसरू नये.

कोकणातल्या पावसाळ्याचा स्वतंत्र बंदोबस्त करावा लागतो. दमट हवेत लेन्सच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, आणि ती आतल्या बाजूला असली तर घरी पुसता येत नाही. कातडी पाकिटात कॅमेरा महिनोन्महिने कोंडून ठेवणं सगळ्यात वाईट, कारण पाकीट स्वतःच ओल धरतं. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून कॅमेरा ठेवावा, दर आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून चार फोटो काढावेत. बॅटरी मात्र काढून वेगळी ठेवावी. एक गंमत लक्षात राहू द्या. फार दिवस बॅटरीविना राहिलेल्या कॅमेऱ्याचं घड्याळ मागे जातं. चालू केल्याबरोबर तो तारीख विचारतो आणि घाईत आपण तो प्रश्न पुढे ढकलतो. मग या वर्षीच्या मुंजीचे फोटो १ जानेवारी २००६ च्या तारखेने नोंदले जातात आणि कॉम्प्युटरवर भलत्याच वर्षात जाऊन बसतात. तारीख लावायला एक मिनिट लागतं. नंतर हजार फोटोंची तारीख सुधारायला आठवडा जातो.

आता कार्ड हातात घेऊ या.

कार्डाच्या डाव्या कडेला एक चिमुकली सरकपट्टी असते. तिच्याशेजारी बारीक अक्षरांत ‘लॉक’ लिहिलेलं असतं. ही पट्टी खाली सरकवली की कॅमेरा म्हणतो, कार्ड लॉक आहे, फोटो निघणार नाही. कित्येकांनी एवढ्यावरून कार्ड बिघडलं म्हणून फेकून दिलं असेल. खरं पाहता ही पट्टी आत कशालाही जोडलेली नसते. पट्टी कुठे आहे ते कॅमेऱ्याच्या खाचेतली लहानशी कळ चाचपून पाहते, एवढंच. ज्यांनी कॅसेटचा काळ पाहिला आहे त्यांना हे लगेच उमजेल. कॅसेटच्या वरच्या कडेची टिकली तोडली की तिच्यावर रेकॉर्डिंग होत नसे, आणि पुन्हा करायचंच असेल तर त्या भोकावर चिकटपट्टी लावायची. इथेही युक्ती तीच आहे.

या पट्टीचा एक चांगला उपयोग मात्र फार थोडे लोक करतात. फोटो छापायला स्टुडिओत किंवा झेरॉक्सच्या दुकानात कार्ड देताना ते लॉक करून द्यावं. दुकानातल्या कॉम्प्युटरला दिवसभरात पन्नास पेनड्राइव्ह आणि कार्डं लागतात. त्यातल्या एखाद्यावरून आलेला व्हायरस आपल्या फोल्डरांचे शॉर्टकट करून टाकतो आणि फोटो दिसेनासे होतात. लॉक केलेल्या कार्डावर सहसा काही लिहिता येत नाही, पुसताही येत नाही. छपाईला मात्र काही अडचण येत नाही, कारण फोटो वाचता येतात.

कार्ड घालताना तिरका कोपरा झाकणाजवळच्या चित्राप्रमाणे धरायचा आणि ‘टक्’ वाजेपर्यंत बोटाने दाबायचं. काढताना ओढायचं नाही, पुन्हा दाबायचं; स्प्रिंग ते स्वतःच बाहेर देते. पण त्याआधी कॅमेरा बंद करावा आणि कार्डाजवळचा लुकलुकणारा दिवा विझला आहे ना, ते पाहावं. फोटो काढल्यावर तो आधी कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या स्मृतीत जातो, मग कार्डावर उतरतो. शेवटी कॅमेरा कार्डाच्या अनुक्रमणिकेत नोंद करतो की अमुक फोटो अमुक जागी आहे. दिवा लुकलुकत असतो तो याच कामात. त्याच क्षणी कार्ड उपसलं तर शेवटचा फोटो तर जातोच, पण अर्धवट राहिलेल्या अनुक्रमणिकेमुळे आधीचे सगळेही दिसेनासे होऊ शकतात. कॉम्प्युटरमधून काढतानाही ‘इजेक्ट’ करूनच काढायचं ते याच कारणासाठी.

कार्ड उघडून पाहिलं तर त्यात ‘डीसीआयएम’ नावाचं फोल्डर असतं. कॅमेरा कोणत्याही कंपनीचा असो, नाव हेच, कारण जपानी कंपन्यांनी १९९८ मध्ये तसा नियम ठरवून घेतला. त्यात १०० ते ९९९ आकड्यांनी सुरू होणारी फोल्डरं आणि फोटोंना ०००१ ते ९९९९ असे क्रमांक. हा नियम सोयीचा आहे, पण त्यातच एक सापळा आहे. ९९९९ नंतर कॅमेरा पुन्हा ०००१ वर येतो. काही कॅमेरे तर कार्ड फॉरमॅट केल्यावर दर वेळी ०००१ पासूनच मोजतात. म्हणजे गणपतीतल्या पहिल्या फोटोचं आणि दिवाळीतल्या पहिल्या फोटोचं नाव एकच. दोन्ही वेळचे फोटो कॉम्प्युटरवर एकाच फोल्डरमध्ये ओतले की कॉम्प्युटर विचारतो, या नावाची फाइल आधीच आहे, बदलू का? घाईत ‘होय’ दाबलं की गणपती गेले, दिवाळी राहिली. यावर साधा उपाय आहे. दर वेळी नवं फोल्डर करावं आणि नावात आधी वर्ष, मग महिना, मग प्रसंग लिहावा. म्हणजे फोल्डरं आपोआप काळाच्या क्रमाने लागतात आणि दहा वर्षांनी शोधतानाही दमछाक होत नाही.

पुसलेला फोटो खरोखर कुठे जातो, हे समजलं तर निम्मी भीती कमी होते. कॅमेऱ्यात फोटो ‘डिलीट’ केला की कॅमेरा फोटोला हातही लावत नाही. अनुक्रमणिकेत त्याच्या नावाचं पहिलं अक्षर बदलून तो फक्त एवढीच खूण करतो की ही जागा आता मोकळी समजावी. वर्गातल्या हजेरीपटावर नावावर काट मारली, पण पोरगं अजून बाकावरच बसलेलं आहे, तसं हे. फॉरमॅटही बहुतेक वेळा एवढंच करतं: अख्खा हजेरीपट कोरा, वर्ग भरलेलाच. नवा विद्यार्थी येऊन त्याच बाकावर बसेपर्यंत जुना तिथून हलत नाही.

म्हणून चुकून फोटो पुसले गेले की पहिलं काम म्हणजे काहीही न करणं. एकही नवा फोटो काढायचा नाही. ‘निघतो का बघू’ म्हणून काढलेला एक फोटोही कोणाच्या तरी बाकावर जाऊन बसतो. कॅमेरा बंद करावा, कार्ड काढावं, लॉकची पट्टी सरकवावी. मग कॉम्प्युटरवर ‘फोटोरेक’सारखं सॉफ्टवेअर वापरता येतं, हे फुकट मिळतं. ते अनुक्रमणिका पाहतच नाही. फोटोच्या प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला एक ठरावीक खूण असते, ती शोधत ते कार्डाचा कोपरान्‌कोपरा चाळतं. सापडलेले फोटो त्याच कार्डावर परत ठेवायचे नाहीत, कॉम्प्युटरवर ठेवायचे. आणि कार्ड लावल्याबरोबर कॉम्प्युटर ‘फॉरमॅट करायचं का’ असं विचारू लागला तर घाबरून होकार देऊ नये. फोटो परत हवे असतील तर त्या क्षणी उत्तर एकच, ‘नाही’.

याची दुसरी बाजूही आहे. पुसलेलं परत मिळतं, ते आपल्याला मिळतं तसं परक्यालाही मिळतं. ब्रिटनमधल्या हर्टफर्डशर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये १०० वापरलेली मेमरी कार्डं विकत घेऊन तपासली. जवळपास दोन-तृतीयांश कार्डांवर आधीच्या मालकांची खासगी माहिती सापडली. जुना कॅमेरा विकताना किंवा कोणाला देताना कार्ड आपल्याकडेच ठेवावं. द्यायचंच असेल तर फॉरमॅट करून ते भिंतीच्या किंवा छताच्या व्हिडिओने काठोकाठ भरावं आणि मग पुन्हा फॉरमॅट करावं. बाकांवर दुसरं कोणी बसलं की जुने उठतात.

विकत घेताना फसवणूक होते ती नकली कार्डांत. ३२ जीबीच्या कार्डावर कॉम्प्युटर २९.८ जीबी दाखवतो, ती फसवणूक नव्हे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ च्या, त्यातून हा फरक पडतो. नकली कार्ड मात्र धडधडीत खोटं बोलतं. आत ८ जीबीची जागा आणि कार्डावरची चिप सांगते १२८. पहिले ८ जीबी फोटो नीट निघतात, त्यानंतरचे कुठेच उतरत नाहीत किंवा आधीच्यांवर जाऊन आदळतात, आणि कॅमेरा तोंडाने ‘झालं’ म्हणत राहतो. लग्नाच्या दिवशी हे कळणं फार महागात पडतं. नवं कार्ड आणल्यावर ‘एफ३’ किंवा ‘एच२टेस्टडब्ल्यू’ या फुकट सॉफ्टवेअरने ते पूर्ण भरून तपासावं. तासाभराचं काम आहे, पण कार्ड खरं की खोटं ते चोख कळतं.

तपासलेलं, अस्सल, जपून वापरलेलं कार्डही फोटो कायमचे ठेवायची जागा नाही. कप्प्यात कोंडलेला तो विजेचा भार वर्षानुवर्षं हळूहळू गळत असतो. कार्ड जितकं झिजलेलं आणि हवा जितकी गरम, तितका तो लवकर गळतो. खणात पडलेलं पंधरा वर्षांपूर्वीचं कार्ड आज वाचलं जाईलही. आणखी पाच वर्षांनी वाचलं जाईल याची हमी कोणी देणार नाही. जाणकार छायाचित्रकार फोटोंच्या तीन प्रती ठेवतात. त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असतात आणि त्यातली एक घराबाहेर. ‘घराबाहेर’चं महत्त्व महाराष्ट्राला सांगायला नको. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ मध्ये चिपळुणात पुराचं पाणी घरात शिरलं, तेव्हा कपाटातलं सगळं एकाच वेळी भिजलं. त्या कपाटात अल्बम होते आणि हार्ड डिस्कही होत्या. एक प्रत दुसऱ्या गावी राहणाऱ्या बहिणीकडे पेनड्राइव्हवर असली तरी चालते. आणि दरवर्षी निवडक पन्नास फोटो कागदावर छापून घ्यावेत. ते पाहायला ना कार्ड लागतं ना कॉम्प्युटर.

पण या सगळ्याआधी, येत्या सुट्टीच्या दिवशी एक काम करा. माळ्यावरचा किंवा खणातला जुना कॅमेरा खाली काढा. त्याला चार्ज करू नका, त्यावर फोटो काढून बघू नका. आधी कार्ड बाहेर काढा, कडेची पट्टी लॉककडे सरकवा, कॉम्प्युटरला लावा आणि त्यावर जे असेल ते सगळंच्या सगळं उतरवून घ्या. आजोबांचा शेवटचा फोटो कदाचित त्यावरच असेल, आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नसेल.